सर्केरिया मिळवायचा कसा: गोगलगायीला सोडू द्यावा की कवच फोडावं?

भंडारा-गोंदियाकडच्या बोडीतून (छोट्या तळ्यातून) इंडोप्लॅनॉर्बिस किंवा लिम्निया ही गोड्या पाण्यातली गोगलगाय आणली, की पर्णकृमीच्या (चपट्या परजीवी कृमीच्या) नव्या अळीचं, म्हणजे सर्केरियाचं, वर्णन दोन वाटांनी सुरू करता येतं.

पहिली वाट सबुरीची. एका बाटलीत एकच गोगलगाय आणि थोडं क्लोरीन नसलेलं पाणी. बाटली उजेडात ठेवायची. बाहेर येतो तो पूर्ण वाढलेला, पोहणारा सर्केरिया. न्यूट्रल रेड या रंगाच्या अगदी फिक्या द्रावणात जिवंतपणीच ज्योतपेशी (उत्सर्जनाच्या सूक्ष्म पेशी) मोजाव्यात. मेल्यावर त्या दिसत नाहीत, आणि त्यांची संख्या आणि मांडणी सांगणाऱ्या सूत्राशिवाय वर्णन लंगडंच. मापं मात्र गरम फॉर्मेलिनमध्ये स्थिर केलेल्या नमुन्यांची घ्यावीत, कारण जिवंत अळी सतत आखडते, लांबते. काही डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलात ठेवाव्यात. फॅसिओलासारख्या (यकृतातल्या पर्णकृमीच्या) जाती रात्री सुटतात, काचेला चिकटून कोष करतात. म्हणून सकाळी बाटलीच्या भिंतीही तपासाव्यात.

दुसरी वाट कवच फोडण्याची. फोडल्यावर उत्तर लगेच मिळतं, शिवाय अळी रेडियात तयार होते की स्पोरोसिस्टमध्ये (या गोगलगायीतल्या आधीच्या अवस्था) हेही कळतं. पण अर्धवट वाढलेल्या अळ्या मिसळतात, मापं चुकतात. दोन जातींचा संसर्ग असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

आधी सोडू द्यावं, मग तीच गोगलगाय फोडावी. दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या दिसल्या तर हातमोजे हवेतच: त्यांतल्या काही कातडीत शिरून खाज आणतात.