गॅरेजचं शटर आमचं, कॅमेरा मात्र त्याच्या खात्यावर

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की आमच्या गोव्यातल्या फोंड्यात शटरवाल्यांचे आणि कॅमेरेवाल्यांचे फोन सुरू होतात. लोक मूळ घरी जातात, इथली घरं बंद राहतात, हे त्यांनाही ठाऊक असतं. आम्हीही पेडण्याला जातो. आमच्या गॅरेजमधून एक दार थेट स्वयंपाकघरात उघडतं, म्हणजे गॅरेज फुटलं की घर फुटलंच. म्हणून शटर, सेंट्रल लॉक आणि वायफाय कॅमेरा असं सगळं काम एकाच माणसाला दिलं. अर्धे पैसे आगाऊ, तेही रोख. पक्कं बिल मागाहून देतो म्हणाला, ते आजवर आलेलं नाही.

पाऊस सरायच्या आत शटरची खालची पट्टी गंजली. ओळखीच्या फॅब्रिकेटरला बोलावलं. त्याने अंगठ्याने दाबलं तर पट्टी आत गेली. मग मोजून पाहिलं, जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. आम्हाला सांगितलं होतं १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, आणि याचाच फायदा घेऊन २२ गेजचा माल १८ म्हणून खपवतात. रंग मारल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही. बिलावर जाडी मिलिमीटरमध्येच लिहून घ्या आणि शटर चढवण्याआधी मोजून घ्या.

पत्र्याचं एक वेळ सोडून देता येईल, पण कॅमेऱ्याचं वाचून तरी लोकांनी आपापले फोन तपासावेत. वायफाय कॅमेरा ज्या खात्यावर पहिल्यांदा जोडला जातो, ते खातं त्याचं मालक. या माणसाने तो स्वतःच्या खात्यावर जोडला आणि आम्हाला नुसता शेअर केला. आमच्या फोनवर चित्र दिसायचं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. भाच्याने पासवर्ड बदलायला सेटिंग उघडलं तेव्हा मालक म्हणून भलताच नंबर दिसला. गाडी कधी बाहेर पडते, घरात कोण आहे, सगळं त्या माणसाला बसल्या जागी दिसत होतं. सासूबाई रोज तिथेच कपडे वाळत घालतात. त्यांना हे सांगताना माझा आवाज फुटेना. कॅमेरा रिसेट करूनही सुटला नाही, कारण मूळ खात्यातून काढल्याशिवाय तो दुसरीकडे जोडता येत नव्हता. शेवटी उतरवूनच ठेवला. कुलपाच्या खोक्यावर तीन चाव्या छापल्या होत्या, आम्हाला मिळाल्या दोन. कुलपंही बदलली.

कॅमेरा जोडताना ॲप तुमच्याच फोनवर, ओटीपी तुमच्याच नंबरवर आला पाहिजे. चाव्या खोक्यावरच्या आकड्याशी ताडून घ्या. काम देण्याआधी जीएसटी नंबर मागा. तो १५ अक्षरी असतो, गोव्यातल्या नोंदणीचा ३० ने सुरू होतो आणि जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो. आमच्या माणसाच्या कार्डावरचा नंबर तिथे सापडलाच नाही.

पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ लाही नोंदवली आहे. स्वयंपाकघराच्या दाराला आता आतून लोखंडी अडसर बसवलाय.