सहा नंबरची बॅट, सात आठवड्यांत सुटलेलं हँडल आणि आठ महिन्यांचा अनुभव

धनत्रयोदशीला लेकीसाठी इंग्लिश विलो या लाकडाची बॅट घेतली. वय तेरा, म्हणून सहा नंबरची. वजन एक किलो चाळीस ग्रॅम, किंमत ११,८०० रुपये. आमच्या घरात खेळाच्या एका वस्तूवर एवढा खर्च पहिल्यांदाच झाला. आम्ही सांगलीचे. स्मृती मानधना याच गावातल्या मैदानांवर खेळून मोठी झाली, त्यामुळे इथे मुलीला क्रिकेटची बॅट घेताना कुणी भुवया उंचावत नाही, याचा मला फार आनंद आहे.

आता आषाढ लागलाय, मैदान ओलं आहे आणि बॅटी कपाटात आहेत. या आठ महिन्यांत आम्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन बॅटी वापरल्या. पहिली तुटली आणि दुसरी वॉरंटीत मिळाली. मधल्या काळात जे शिकले ते इतर पालकांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण मिटलं आहे.

आधी बॅटीबद्दल. लाकूड खरंच चांगलं होतं. समोर सात सरळ ग्रेन्स, म्हणजे लाकडातल्या उभ्या रेघा, आणि मधोमध बॉल बसला की टणक, भरीव आवाज. आणल्या आणल्या खेळायला घेतली नाही. जवसाचं तेल दोनदा हलक्या हाताने लावलं. हँडल जिथे ब्लेडमध्ये, म्हणजे बॅटीच्या सपाट भागात, शिरतं त्या सांध्याला तेल लागू द्यायचं नाही, असं कंपनीच्या पत्रकातच होतं, तेही पाळलं. मग रोज संध्याकाळी नॉकिंग, म्हणजे नव्या बॅटीचं ब्लेड लाकडी मॅलेटने (हातोडीने) ठोकून घट्ट करणं. लेकीला तिच्या क्रिकेटच्या सरांनी सरावाची वही ठेवायची सवय लावली आहे. त्या वहीत बावीस दिवसांच्या तारखा आणि मिनिटं आहेत, बेरीज सहा तासांच्या थोडी वर जाते. पुढे ही वहीच आमचा सगळ्यात मोठा पुरावा ठरली.

त्यानंतर जेमतेम चार आठवडे बॅट लेदर बॉलवर खेळली. एका रविवारी नेट्समध्ये साधा फ्रंट फूट डिफेन्स केला आणि ‘कट्’ असा बारीक आवाज आला. लेक म्हणाली, “आई, हातात काहीतरी हललं.” वरून बॅट अगदी धडधाकट दिसत होती. सरांनी हँडल एका हातात आणि ब्लेड दुसऱ्या हातात धरून हलकेच वाकवलं, तेव्हा ग्रिपच्या खाली ब्लेडवर जो व्हीच्या आकाराचा सांधा दिसतो, त्याची डावी बाजू उघडली. फट दोऱ्याएवढीच, पण माझ्या पर्समधल्या व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा त्यात सहज आत गेला. हाताला कोरडं लाकूड लागलं. उजव्या बाजूला गोंदाची पिवळसर रेघ अखंड दिसत होती, डाव्या बाजूला ती अर्ध्यावर संपली होती.

बॅटीचं हँडल वेताचं असतं. वेताच्या पट्ट्यांमध्ये रबर घालून ते घडवतात आणि टोकाला व्हीचा आकार देऊन विलोच्या खाचेत गोंदाने बसवतात. बॉलचा प्रत्येक हादरा या सांध्यावर येतो. तिथे गोंद पुरता लागला नसेल तर वरून कितीही तेल लावा आणि कितीही ठोका, सांधा सुटणारच. सरांनी लगेच बजावलं, “ग्रिप काढू नका, टेप लावू नका, काहीच करू नका.” हा सल्ला लाखमोलाचा होता. आपण काही उघडलं की ‘ग्राहकाने छेडछाड केली’ म्हणायला कंपनी मोकळी होते. तिथेच भर उन्हात फटीचा व्हिडिओ काढला.

दुकानदारांचं पहिलं उत्तर होतं, “ताई, आम्ही फक्त विकतो. कंपनीकडे पाठवा.” बिलावर ठळक छापलेलं होतं, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ त्या ओळीकडे बघून मी घरी परत आले, हे खरं. मग शेजारच्या काकांकडे गेले. त्यांनी उमेदीच्या काळात ग्राहक पंचायतीचं काम केलंय. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या या चळवळीने महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाला पावती मागायला शिकवलं, असं ते अभिमानाने सांगतात. त्यांनी बिल हातात घेतलं आणि म्हणाले, “कायदा काय म्हणतो ते बघ, बिलावरची ओळ नंतर बघू.”

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदतच दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मात्र आमचे तीस दिवस उलटून गेले होते. तिथे माझा धीर सुटला. पण काकांनी समजावलं की परत घेण्याचे तीस दिवस ही एक गोष्ट आणि मालात दोष असल्याची तक्रार ही वेगळी गोष्ट. दोषाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि त्या तक्रारीत दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करता येतं. शिवाय कंपनीने वॉरंटी कार्डावर छापून दिलेला शब्द पाळला नाही, तर त्याची जबाबदारी उत्पादकावर येते, हेही कायद्यात आहे. आमच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘हँडल व सांधा : सहा महिने.’

कार्ड मात्र नीट वाचायला हवं. टो म्हणजे ब्लेडचं खालचं टोक, त्याला पडलेली चीर, कडांवरच्या बॉलच्या खुणा, वरवरच्या बारीक भेगा हे सगळं वॉरंटीच्या बाहेर होतं. आमच्या बॅटीच्या टोलाही एक टवका उडाला होता. मला तोही तक्रारीत घालायचा होता, काकांनी घालू दिला नाही. यॉर्करने, म्हणजे थेट पायाशी पडणाऱ्या बॉलने, टो दुखावतो, तो खेळाचा भाग आहे. न्याय्य मागणीला अन्याय्य मागणी चिकटवली की दोन्ही कमकुवत होतात. मला हे मनापासून पटलं.

मेल केला, स्पीड पोस्टानेही पत्र पाठवलं, एक प्रत दुकानाला दिली. बारा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. निगा नीट न राखल्याने आणि जड बॉलवर वापर झाल्याने बॅट तुटली, वॉरंटी लागू नाही. सवलत म्हणून १,२०० रुपयांत नवीन हँडल बसवून देऊ, कुरिअरचा खर्च तुमचा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न फक्त पैशांचा नव्हता. लेक जुन्या हलक्या बॅटीने निवड चाचणी खेळून आली होती आणि ‘माझंच काही चुकलं का’ असं विचारत होती. तेरा वर्षांच्या मुलीने मन लावून बावीस दिवस ठोकलेल्या बॅटीबद्दल कुणीतरी न बघताच ‘निगा राखली नाही’ लिहितं, याचा मला संताप आला होता.

दुसरं पत्र मी स्वतः लिहिलं. वहीच्या पानांचे फोटो जोडले. नॉकिंग ब्लेडचं असतं, सांध्यातल्या गोंदाशी त्याचा संबंध काय, ते लेखी कळवा, असं विचारलं. सरांचं पत्र जोडलं, त्यात बॉलचं वजन होतं. महिला क्रिकेटचा बॉल नियमाप्रमाणे १४० ते १५१ ग्रॅमचा असतो आणि आमच्या मुली तोच वापरतात. पुरुषांचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे ‘जड बॉल’ हा मुद्दाच निकालात निघाला. शेवटी मागणी अगदी स्पष्ट लिहिली : बॅट बदलून द्या किंवा पूर्ण किंमत परत करा, पंधरा दिवसांत.

त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता आलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि बिल, कार्ड, व्हिडिओ सगळं जोडता आलं. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती कंपनीवर हुकूम सोडत नाही. पण तक्रार कंपनीच्या योग्य टेबलावर पोहोचते आणि उत्तर नोंदवलं जातं. ते उत्तर आलं नसतं तर आयोगात जायची माझी तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. आणि नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते, कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. दोष आतला असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो. म्हणूनच तुटलेली वस्तू कंपनीला पाठवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो हवेत आणि पोच हवी.

नवव्या दिवशी कंपनीच्या दुसऱ्या अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी बॅट मागवून घेतली, सांधा तपासला आणि गोंद कमी पडल्याचं मान्य केलं. भाषा सभ्य होती, याची नोंद करायलाच हवी. नवी बॅट आली तेव्हा पहिली तुटून आठ आठवडे झाले होते. कुरिअरचे पैसेही परत मिळाले. नव्या बॅटीबरोबर ‘तक्रार संपली’ असा कागद सहीसाठी होता. मी आधी मेलवर विचारून घेतलं की नव्या बॅटीची वॉरंटी कधीपासून धरणार. ‘बदलून दिल्याच्या तारखेपासून सहा महिने’ असं लेखी आल्यावरच सही केली.

दुसऱ्या बॅटीला आता साडेचार महिने झाले. ग्रेन्स सहाच आहेत, वजन वीस ग्रॅमने जास्त आहे, पण उचलायला बरी वाटते. शाळांच्या स्पर्धेत याच बॅटीने लेकीने नाबाद ४१ धावा केल्या. टोला गार्ड बसवून घेतला, त्यामुळे टवका नाही. डाव्या कडेवर दोन बारीक भेगा आहेत, त्यांवर टेप लावली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. दर रविवारी सामन्यानंतर लेक स्वतः हँडल हलकेच वाकवून सांधा बघते आणि वहीत तारखेसमोर ‘ठीक’ लिहिते. कालच्या तारखेपर्यंत अठरा वेळा ‘ठीक’ आहे. वॉरंटीचे दीड महिने अजून उरलेत. बिल, कार्ड आणि तो मेल एका पाकिटात घालून बॅटीच्या कव्हरच्या खिशात ठेवलाय.