अमेरिका प्रजासत्ताक की लोकशाही? वादात उतरण्याआधी दोन्ही बाजू

अमेरिकेच्या नागरिकत्व परीक्षेच्या २०२५ च्या प्रश्नसंचात पहिलाच प्रश्न आहे: या देशाचा शासनप्रकार कोणता? ‘प्रजासत्ताक’ म्हटलं तरी उत्तर बरोबर, ‘प्रातिनिधिक लोकशाही’ म्हटलं तरी बरोबर. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाचं काम तिथे भागतं. पण निवडणूक जवळ आली की ‘वुई आर अ रिपब्लिक, नॉट अ डेमॉक्रसी’ असं ठणकावणारा कुणीतरी भेटतोच. त्याला हो म्हणायचं की नाही?

कागद बघाल तर त्याचं पारडं जड आहे. अमेरिकन संविधानात ‘डेमॉक्रसी’ हा शब्द एकदाही येत नाही. उलट चौथ्या अनुच्छेदात प्रत्येक राज्याला प्रजासत्ताक पद्धतीच्या सरकारची हमी दिली आहे. संविधानाच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसननं १७८७ मध्ये ‘फेडरलिस्ट’ या संविधानाची बाजू मांडणाऱ्या लेखमालेच्या दहाव्या लेखात दोन्हींतला फरकही सांगून ठेवलाय: शुद्ध लोकशाहीत थोडे नागरिक एकत्र जमून स्वतःच कारभार हाकतात, प्रजासत्ताकात तो निवडलेल्या प्रतिनिधींकडे असतो.

या बाजूचा खरा जोर मात्र बहुमताला घातलेल्या कुंपणात आहे. वेस्ट व्हर्जिनियात शाळेत झेंड्याला सलामी आणि प्रतिज्ञा सक्तीची होती. ‘जेहोवाज विटनेसेस’ पंथाच्या मुलांनी धर्माचं कारण सांगून नकार दिला, तर त्यांना शाळेतून काढलं. तो युद्धाचा काळ. लोकमत कुणाकडे होतं हे सांगायला नको. तरीही १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी सक्ती रद्द केली: मूलभूत हक्क मतदानाला टाकता येत नाहीत. (ती प्रतिज्ञाही प्रजासत्ताकाशीच निष्ठेची!) इथवर ही बाजू मला पूर्ण पटते.

लोकशाहीवाले म्हणतात, मॅडिसनच्या डोळ्यांपुढे अथेन्सची सभा होती. ती आज कोण मागतंय? प्रतिनिधी निवडून चालणाऱ्या राज्यालाच आता जग लोकशाही म्हणतं. शिवाय नुसतं ‘प्रजासत्ताक’ म्हणून फारसं काही कळत नाही. चीन प्रजासत्ताक आहे, आणि राजा असलेलं ब्रिटन लोकशाही. अमेरिकेचा प्रवासही मताधिकार वाढवण्याकडेच झाला: १८७० मध्ये मतदानातला वर्णभेद कागदावर तरी संपला, १९१३ मध्ये सिनेटर थेट जनतेतून निवडायचं ठरलं, १९२० मध्ये स्त्रियांचा मताधिकार संविधानात आला. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मात्र खरंखुरं मत टाकायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला.

मग भांडण एवढं का पेटतं? कारण निकाल. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनना २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली, पण अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यातून निवडलेल्या मतदारमंडळाच्या मतांवर, त्यामुळे अध्यक्ष ट्रम्प झाले. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या घरात. सिनेटर दोघांनाही दोनच. यावर बोट ठेवलं की ‘रिपब्लिक’ची ढाल पुढे येते. २०२० च्या निवडणुकीच्या तोंडावर युटाचे सिनेटर माइक ली यांनी आपण लोकशाही नाही असं लिहिलं, तेव्हा म्हणूनच एवढा गदारोळ झाला.

तेव्हा समोरचा कशाची पाठराखण करतोय ते आधी बघा. न्यायालय, मूलभूत हक्क, अधिकारांची विभागणी यांच्या बाजूनं बोलत असेल तर खुशाल मान डोलवा. त्यासाठी लोकशाही नाकारावी लागत नाही. पण कमी मतांत जिंकण्याचं समर्थन म्हणून तो मॅडिसनचं नाव घेत असेल, तर त्याला तोच दहावा लेख पुढे वाचायला सांगा. बहुमत नसलेल्या गटाचा बंदोबस्त प्रजासत्ताकाच्या तत्त्वानंच होतो, बहुमत त्याला मतदानानं हरवू शकतं, असं मॅडिसन तिथे म्हणतो. आणि संविधान लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात सिनेटच्या जागाही लोकसंख्येच्या प्रमाणात द्या म्हणून तो भांडला होता. छोटी राज्यं अडून बसली आणि तो हरला.