जुनी मिनिलाइट चाकं की त्याच डिझाइनची नवी अॅल्युमिनियमची?

रत्नागिरीतला मित्र एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेऊन बसलाय आणि चाकांवरून झोप उडालीय त्याची. साठच्या दशकातली ओरिजिनल मिनिलाइट मॅग्नेशियमची, मिनी कूपर रॅलीत पळायच्या तेव्हा हीच आठ आऱ्यांची चाकं असायची, त्यामुळे शौकीन माणूस किंमत विचारतच नाही, सरळ उचलतो. नवी बरीच स्वस्त, पण पुढे विकताना त्यांचं कोणाला कौतुक नसणार.

वजनात जुनी जिंकतात, मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांश हलकं.

पण बाबा, खारा वारा! भाट्याच्या किनाऱ्यावर गाडी उभी केलीस की मीठ चाकावर बसतं, रंगाला टवका गेला तिथून मॅग्नेशियम पांढरी भुकटी होत झिजत जातं, त्यात स्टीलचा नट टेकला की अजून लवकर. शिवाय पन्नास-साठ वर्षांची चाकं, तडे डोळ्याला दिसत नाहीत, डाय (तडे दाखवणारा रंग) लावून तपासल्याशिवाय घाटात न्यायची नाहीत. अॅल्युमिनियमही खराब होतं, पण सावकाश, पाण्याने धुतलं की बरंचसं भागतं.

गाडी शोला न्यायची, बाकी वर्षभर कोरड्या गॅरेजात झाकून, तर जुनी घे. गणपतीत गावभर फिरवणार असशील तर नवीच, आणि जुनी मिळालीच स्वस्तात तर घरात टांगून ठेव (मी तेच केलं असतं).