चार आण्याचं हँडल, बारा आण्याची केबल: सात महिन्यांनंतर

परवा खेड शिवापूरच्या पुढे बाईकच्या क्लचचा लिव्हर एकदम सैल पडला. केबलच्या टोकाला डाख देऊन बसवलेला गोळाच निसटला होता. धावत्या गाडीत रेस जुळवून क्लचशिवाय गिअर पडतात, पण दर सिग्नलला न्यूट्रल करायचं आणि हिरवा झाला की पायांनी रेटत पहिला टाकायचा. घरी पोचेपर्यंत दोन्ही पोटऱ्या भरून आल्या.

गाडी 2014 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, कार्ब्युरेटरवाली. कंपनीचं हँडल चांगलंच होतं. चाळिशीनंतर पाठ बिघडली ती माझी. पारगाव खंडाळ्याच्या आतच खांदे धरायचे. म्हणून उंच हँडल बसवायचं ठरवलं आणि माप घेतलं. डबल स्टँडवर गाडी, मी डोळे मिटून बसलो, हात सहज जिथे आले तिथे बायकोने शिवणाची टेप धरली. तीन इंच वर, दोन इंच मागे. इतकं चोख माप काढून दुकानात गेलो, तर तीन इंची आणि पाच इंची हँडलची किंमत एकच, 950 रुपये. तेवढ्याच पैशांत दोन इंच जास्त मिळतायत तर का सोडा? घेतलं पाच इंची.

ते दोन इंच मला केवढ्याला पडले बघा. क्लचची केबल पुरेना. एक्सिलेटरची ताणली गेली; हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की रेस आपोआप चढायची. गल्लीत यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून पुढे धावली तेव्हा घाम फुटला. पुढच्या ब्रेकचा पाइप तारेसारखा ताठ. मेकॅनिक म्हणाला, "वापरून सैल होईल काका." ब्रेकचा पाइप कधी सैल होतो का! लांब पाइप 1400, दोन केबली बनवून 700, मजुरी 600.

पहिला महिना तरी खूश होतो. पाठ ताठ, ट्रॅफिकमध्ये गाडी हलकी. तेव्हा कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. मग साताऱ्याला गेलो. सत्तरच्या वर वारा थेट छातीवर, हात खांद्याच्या रेषेत, म्हणजे हँडल धरलेलं नसून हँडलला लोंबकळतोय असं वाटायचं. भुईंजला उतरलो तर बोटांना मुंग्या. हँडल थोडं मागे फिरवून पाहिलं, तर पूर्ण वळवल्यावर ग्रिप पेट्रोलच्या टाकीला टेकायला लागली. शेवटी निमूटपणे तीन इंची आणलं, पुन्हा 950. आता पाठही नीट आणि बोटंही. हँडलवरची मास्टर सिलिंडरची, म्हणजे ब्रेक ऑइलची, छोटी टाकी मात्र नवीन कोनात आडवी धरून घट्ट करा, मी एकदा विसरलो होतो.

पण बनवलेल्या लांब केबली तशाच ठेवल्या. पैसे दिलेत, वाया कशाला घालवायच्या? क्लचचीच ती परवा दगा देऊन गेली.

रविवारी जुन्या सामानाच्या डब्यातून कंपनीची केबल काढली. रॉकेलने पुसली, आत तेल सोडलं, टाकीखालच्या पट्टीतून सोडवून जरा सरळ वाटेने नेली. बसली. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, ताण नाही. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक, क्लच आधीपेक्षा मऊ.

बायको टेप गुंडाळत म्हणाली, "मी तीनच सांगितले होते."

पाच इंची हँडल माळ्यावर आहे. कोणाला हवं असेल तर 600 ला देईन, लांब केबल सोबत फुकट. गोळा तेवढा बसवून घ्या.