बारा खेपा की वर्षभर?

यवतमाळकडच्या आमच्या गावात बाप गेलेलं एक साडेचार वर्षांचं लेकरू आहे. फवारणीचा पंप दिसला की खाटेखाली शिरते. ‘लहान आहे, विसरेल,’ म्हणतात सगळे. ते विसरत नाही. रात्री अंथरूण ओलं करते, मायचा पदर सोडत नाही.

उपचाराचे दोन रस्ते. मनाच्या आघातावरची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं सावरणारी बोलण्यातली थेरपी, ३ वर्षांपुढच्या मुलांसाठी, साधारण १२ ते १६ बैठका. घडलेल्याबद्दल लेकराला हळूहळू बोलतं करतात, पालकालाही शिकवतात. दुसरी माय-लेकरांची एकत्र थेरपी, ५ वर्षांपर्यंतच्यांसाठी. दर आठवड्याला, जवळपास वर्षभर, खेळातून.

उपचाराला जायला एसटीत बाईला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. खरा खर्च मजुरीचा. ऐन कापूस वेचणीत दर आठवड्याला एक खाडा! त्या हिशेबात पहिली स्वस्त पडते, आणि शाळेत जाणाऱ्या, बोलक्या पोराला मी तीच सुचवीन.

पण या लेकरासाठी माझं मन दुसरीकडे झुकते. त्याची मायही रात्रभर जागीच असते. तिच्या कुशीतली धडधड त्याला कळते. दोघांना एकत्रच सावरायला हवं. शिकलेला थेरपिस्ट जवळ कुठे आहे, हे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर विचारता येते. फोनला पैसे लागत नाहीत.