शिवडी ख्रिस्ती दफनभूमी: ममीनेच निवडलेली जागा

पप्पांची कबर शिवडीला आहे. यंदा ममीने स्वतःच विषय काढला, "मला त्यांच्याच शेजारी नाही, त्यांच्याच कबरीत ठेवा." म्हणून तिला घेऊन गेले. मोठाली झाडं, दाट सावली, जुने संगमरवरी देवदूत. व्हीटी स्टेशनचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० साली इथेच विसावले. पप्पा रेल्वेत होते, त्यांना याचा फार अभिमान.

मुंबईत जागेची टंचाई मेल्यावरही सुटत नाही. कुटुंबाची कायमची कबर असेल तर काही वर्षांनी तीच पुन्हा उघडतात. नसेल तर तात्पुरती कबर, मग अस्थी भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे छोट्या कोनाड्यात. आम्हा कॅथलिकांना १९६३ पासून दहनाचीही मुभा आहे, पण राख घरी ठेवायची किंवा समुद्रात सोडायची नाही. ममीला मातीच हवी.

माझा एकच आग्रह: कबरीची जुनी पावती आत्ताच शोधून ठेवा आणि पेटी साध्या लाकडाची घ्या. जाड पॉलिश, आतलं प्लास्टिक वर्षानुवर्षं कुजत नाही.

निघताना ममीने क्रुसावरची धूळ पदराने पुसली आणि पप्पांच्या नावाखालची मोकळी जागा बोटांनी मोजली.